कातडीतले खडे

सर्जननी माझ्या अंडकोषाच्या पिशवीवरची एक गाठ दोन बोटांत धरून कातडी वर ओढली. गाठ कातडीबरोबर वर आली, वृषण मात्र खाली जागच्या जागी. "बघा, सगळं कातडीतलं आहे. आत काही नाही." माझी निम्मी धास्ती तिथेच गेली.

आजाराचं नाव स्क्रोटल कॅल्सिनोसिस. अंडकोषाच्या पिशवीच्या कातडीत कॅल्शियम साठून टणक, पिवळट-पांढऱ्या गाठी होतात. कॅन्सर नव्हे. सहसा विशी-तिशीत सुरू होतात, दुखत नाहीत, सावकाश वाढतात. माझ्या खाजायच्या. एक तर फुटून तिच्यातून खडूच्या भुकटीसारखं काहीतरी यायचं आणि चड्डीला पांढरे डाग पडायचे. रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस नॉर्मल आलं. या आजारात ते तसंच येतं. लेविन्स्की नावाच्या डॉक्टरने 1883 मध्ये याची नोंद केली, तरी हे कॅल्शियम साठतं का, यावर आजही डॉक्टरांचं एकमत नाही. जुन्या एपिडर्मॉइड सिस्टच (कातडीतल्या पिशवीसारख्या साध्या गाठी) पुढे अशा टणक होतात, असं बरेच जण मानतात.

मलमाने या गाठी विरघळत नाहीत. त्रास नसेल तर खुशाल तशाच ठेवाव्यात. मला त्रास होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिसायलाही नको होत्या. सर्जनना हे कारण अजिबात फालतू वाटलं नाही.

तेवढ्या भागाला भूल दिली. ती सुई मात्र झोंबते, उगाच खोटं कशाला सांगू! दाटीवाटीच्या गाठी कातडीच्या पट्टीसकट काढल्या, सुट्या एकेक करून. स्टीलच्या ट्रेमध्ये पडताना त्या चक्क वाजत होत्या. इथली कातडी इतकी सैल आणि ताणली जाणारी, की बरीचशी काढली तरी उरलेली ओढून शिवता येते. जवळजवळ सगळीच खराब असेल तरच दुसरीकडची कातडी लावावी लागते. टाके विरघळणारे होते.

सर्जनचा जास्त वेळ गेला तो रक्त थांबवण्यात. पिशवी सैल असल्यामुळे बारीकशी शीर वाहत राहिली तरी आत रक्त साकळून ती टम्म फुगते. म्हणून नंतर घट्ट सपोर्टर, आणि जड उचलायचं नाही.

तपासणीला पाठवलेल्या गाठींत कॅल्शियमच निघालं. डोळ्यांना न दिसणारे कण मागे राहून पुन्हा गाठी होऊ शकतात, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. मधल्या रेषेजवळचे दोन दाणे तर त्यांनी मुद्दामच सोडले. तेवढ्यासाठी आणखी एक चीर कशाला, हे मलाही पटलं.