पळते ती, पण खातं कोणाच्या नावावर?

मुंबई मॅरेथॉनला दर जानेवारीत इथिओपिया-केनियाच्या बायका सुसाट निघून जातात, आपण टाळ्या वाजवतो, व्हिडिओ टाकतो. त्यांच्या पळण्यावर मी तासन्‌तास बोलू शकते, पण आज पैशांबद्दल लिहायचंय.

केनियातलं इटेन, साधारण २४०० मीटर उंचीवरचं गाव, जगभरचे रनर तिथे ट्रेनिंगला जातात. केनियात जन्मलेली धावपटू लोर्ना किपलागात तरुण होती तेव्हा कॅम्पमध्ये मुली आल्या तरी पुरुषांचं जेवण, कपडे, साफसफाई हे सगळं त्यांच्याच गळ्यात पडायचं. आता ज्याने कोणी लांब पल्ल्याचं ट्रेनिंग केलंय त्याला माहितीये, सकाळच्या आणि संध्याकाळच्या रनच्या मधे दुपारी आडवं पडणं हेसुद्धा ट्रेनिंगच असतं, ती झोपच मुलींना मिळत नव्हती! लोर्नाने रेस जिंकून कमावलेले पैसे घातले आणि इटेनमध्ये स्वतःचा कॅम्प काढला, मुलींसाठी. मला हे तिच्या २००७ च्या हाफ मॅरेथॉन वर्ल्ड रेकॉर्डपेक्षा मोठं वाटतं.

पण बाई कमवायला लागली की घरात काय होतं तेही बघा. केनियाच्याच धावपटू अ‍ॅग्नेस टिरोपने सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीत १० किमी ३० मिनिटं १ सेकंदात मारले, फक्त बायकांच्या रेसमधला तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. पुढच्याच महिन्यात इटेनच्या घरात तिचा खून झाला, वय फक्त २५, आणि खटला नवऱ्यावर. युगांडाची रेबेका चेप्टेगी ऑगस्ट २०२४ ला पॅरिसची ऑलिम्पिक मॅरेथॉन पळली आणि सप्टेंबरात तिच्या जोडीदाराने पेट्रोल ओतून तिला पेटवलं, चार दिवसांत गेली. जमिनीवरून वाद होता असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. सातबाऱ्यावर नाव कोणाचं यावरून काय काय होतं हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

अ‍ॅग्नेसच्या मैत्रिणींनी, म्हणजे सोबतच्या रनर बायकांनीच, ‘टिरोप्स एंजल्स’ सुरू केलं, घरात मार खाणाऱ्या मुलींना आधार द्यायला.

आता आफ्रिकेतल्या मुलींना ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल आणि पळणं, एकामागोमाग) आणायचं म्हणतात, मला मनापासून आवडेल. पण पळण्यापेक्षा हे कितीतरी महाग, सायकल, पोहायला तलाव, कोच, म्हणजे मुलगी परत कोणाच्या तरी पैशावर अवलंबून. म्हणून सायकली वाटणाऱ्यांना माझं एकच विचारणं असतं, कोच बाई आहे का, आणि बक्षीस थेट त्या मुलीच्या खात्यात जातं का?