पट्टीवरचं पुणं

इंदूरच्या मराठी घरात ‘पुणं किती लांब?’ असं विचारलं तर किलोमीटर कुणी सांगत नाही. ‘रात्री जेवून बसलं की सकाळच्या चहाला पुण्यात,’ हे उत्तर. किलोमीटर ही ड्रायव्हरची काळजी.

विमानाचं गणित निराळं. हवेतून इंदूर-पुणे जेमतेम 500 किलोमीटर, आणि इंदूर-मुंबईही जवळजवळ तेवढंच. रेल्वेला मात्र मुंबई गाठायला 830च्या आसपास धावावं लागतं, कारण ती उज्जैन, रतलाम, बडोदा असा पाहुणचार झोडत उतरते. मनमाडला थेट नेणारा 309 किलोमीटरचा नवा मार्ग 2024 मध्ये मंजूर झालाय. होईल तेव्हा होईल.

मला गंमत वाटते ती सरळ रेघेची. ॲटलासमध्ये पट्टीचं एक टोक इंदूरवर आणि दुसरं पुण्यावर ठेवा. महू ओलांडलं की रेघ कुठे जाते? महेश्वरला! अगदी घाटावरून म्हणा ना. इंदूरच्या विमानतळाला नाव देवी अहिल्याबाईंचं आणि पुण्याच्या वाटेवर सुरुवातीलाच त्यांची राजधानी. मग सातपुडा, तापी, धुळं थोडं उजव्या हाताला, आणि पुढे शिर्डी. म्हणजे आमच्या काकूंची अर्धी यात्रा पट्टीखालीच उरकते. विमान आखलेल्या हवाई मार्गांनी जातं, पट्टीने नाही, हे मला ठाऊक आहे. पण पट्टी ठेवायला कोण अडवतंय?

आता वेळ. ताशी 800 किलोमीटरने 500 किलोमीटर म्हणजे चाळीस मिनिटंही नकोत. तिकिटावर मात्र सव्वा-दीड तास. कारण घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि पुण्यात जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, रांगेतलं थांबणं, सगळं त्यातच. शिवाय 10,000 फुटांखाली वेग साधारण 460च्या आत ठेवायचा असतो. एवढ्याशा अंतरात विमान धड वर पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं. त्यात पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, तिथे लढाऊ विमानांचाही मान.

आणि वर थोडी मिनिटं कंपनीच्या पदरची. लग्नपत्रिकेत भोजन साडेअकराला छापतात ना, पंगत एकला बसावी म्हणून, तसलाच हिशेब, फक्त उलटा: इथे उशिराची वेळ छापायची आणि लवकर पोचून ‘वेळेआधी आलो’ म्हणून मिरवायचं. लोक खूश होतात. मीही होतो.

काकांना यातलं काही पटत नाही. विमानतळावर दोन तास आधी जा, पट्टा काढा, मग जेमतेम तासभर उडा. “त्यापेक्षा स्लीपर बस बरी रे भिया,” ते म्हणतात, “शेव-पोह्यांचा डबा तरी कुणी उघडून बघत नाही.”