डेअरी-फ्री थाई, जळगाव व्हर्जन: केळफूल जमलं, लिंबाच्या पानांचं अजून अडलंय

मंडळी, थंडी संपत आली तसं एकदाचं अपडेट टाकतोय. नवीन लोकांसाठी थोडक्यात, मुलीला दुधाची ॲलर्जी आहे, त्यामुळे घरात दूध-दही-तूप-पनीर सगळंच बंद, आणि मी थाईकडे वळलो ते याच कारणाने, की तिकडच्या पारंपरिक करीत दूध मुळात नसतंच. दाटपणा येतो तो नारळाचा. म्हणजे पनीरच्या जागी काय, क्रीमच्या जागी काय या भानगडीत पडायचं कामच नाही. आपल्याकडची हॉटेलं ग्रीन करीत फ्रेश क्रीम आणि काजू पेस्ट का ओततात हे मला खरंच कळत नाही, त्याने करी गुळगुळीत होते आणि गवती चहाचा वास पार मरतो.

यावेळी सगळ्यात जास्त वेळ गेला नारळात. खान्देशात सुकं खोबरं हवं तेवढं, काळ्या मसाल्याला लागतंच, पण ओला नारळ म्हणजे देवळाजवळच्या दुकानातला पूजेचा. चालतो तोही, फक्त हलवून पाणी वाजतंय का बघून घ्या. एका नारळाचा चव, एक वाटी कोमट पाणी, मिक्सर आणि मलमलचं फडकं, पहिलं पिळलेलं दूध वेगळं ठेवायचं आणि त्याच चोथ्यात परत पाणी घालून पातळ दूध काढायचं. पहिलं दूध दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवलं की वर साय येते (नारळाचीच, घाबरू नका). ही साय कढईत मध्यम आचेवर हलवत राहायची, आधी नुसतं बुडबुडे येत राहतात, मग आवाज बदलतो, फडफड कमी होऊन चरचर सुरू होते आणि कडेने तेलाचे बारीक मणी दिसतात. इथे ग्रीन करीची वाटलेली पेस्ट (ती कशी करायची ते खाली) टाकायची आणि परतायची. शेवभाजीची तर्री ज्याने आयुष्यभर बघितलीय त्याला ही स्टेज समजावून सांगायला लागत नाही, फक्त इथे तेल वरून ओतायचं नसतं, नारळातूनच सुटतं. पातळ दूध नंतर.

पाकिटातल्या नारळाच्या दुधात स्टॅबिलायझर असतं म्हणून त्यातून लवकर तेल सुटत नाही, तेव्हा चमचाभर खोबरेल तेलात पेस्ट आधी परतून घ्यायची. आणि महत्त्वाचं, नारळाच्या दुधाची पावडर घेणार असाल तर मागचं लेबल वाचाच, बऱ्याच पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधाचंच प्रोटीन आहे. नॉन-डेअरी लिहिलेल्या क्रीमरमध्ये पण सापडतं. ॲलर्जीवाल्या घरात हे चालत नाही.

पेस्ट मी आता पाट्यावरच वाटतो. आधी मीठ, धणे, जिरं, पांढरी मिरी, मग गवती चहा, कोथिंबिरीची मुळं, लिंबाची किसलेली साल, आणि शेवटी हिरवी लवंगी मिरची, लसूण, छोटे कांदे. आपण गवती चहाची पात चहात टाकतो आणि खालचा पांढरा दांडा फेकतो, इथे नेमका तो दांडाच लागतो, तोही बाहेरचे दोन पदर काढून आतला कोवळा. कोथिंबिरीचं तसंच, बाजारात जुडी मुळांसकट मिळते आणि आपण मुळं तोडून टाकतो. गलंगल (आल्यासारखा थाई कंद) ताजं मिळत नाही पण काष्ठौषधीच्या दुकानात सुकं कुळिंजन मिळतं, कोमट पाण्यात भिजवून चकत्या टाकतोय, आल्यापेक्षा वास बराच जवळ जातो. श्रिंप पेस्टच्या जागी भाजलेल्या सुकटीची पूड. शाकाहारी असाल तर सोया सॉस आणि मीठ, तेवढंच.

आता केळफूल. अरे आपण केळीच्या जिल्ह्यात राहतो आणि ही गोष्ट फुकट आहे! रावेर-यावलकडे घड पूर्ण निसवला की केळफूल तोडून बांधावर टाकतात, ओळखीच्या शेतकऱ्याला सांगितलं तर पिशवी भरून देतो. थाई सॅलडला आतला फिकट गाभा लागतो, लालसर पाकळ्या सगळ्या काढून टाकायच्या, हाताला तेल लावून गाभा एकदम पातळ चिरायचा आणि चिरता चिरताच पाण्यात टाकायचा नाहीतर मिनिटात काळा पडतो. आपल्याकडे तुरटपणा घालवायला ताकात भिजवतात, ते इथे बाद. चिंचेचं पाणी आणि मीठ, अर्धा तास, मग घट्ट पिळायचं. वरून नारळाची घट्ट साय, लिंबू, गूळ, भाजलेले शेंगदाणे, तळलेला कांदा आणि भाजलेल्या लाल मिरचीची चटणी. ती चटणी नंदुरबारच्या सुक्या मिरचीची केली, लसूण-कांदा भाजून, चिंच-गूळ घालून तेलात परतून, बरणीत मस्त टिकते. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "हाई काय शे रे, भाजीमा गूळ?" पण ताट रिकामं झालं.

भरताच्या वांग्यावर पण एक प्रयोग झाला. थायलंडमध्ये लांब हिरवी वांगी भाजून, सोलून, त्यावर लिंबू, मिरची, कच्चा कांदा असं सॅलड करतात. आपलं हिरवं भरिताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं, पण बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) न ठेचता लांब फोडीच ठेवल्या आणि वरून लिंबू, सोया सॉस, गूळ, ठेचलेली मिरची. धुराचा वास आणि लिंबू, बस. मला तर करीपेक्षा हेच भारी वाटलं. बरोबर कळण्याची भाकरी, थाई माणूस काय म्हणेल ते म्हणो.

पॅड थाईबद्दल फार लिहीत नाही, चिंच-गूळ-शेंगदाणे घरचेच, राइस नूडल्स ऑनलाइन.

तुळशीवरून मात्र घरात थोडं वाजलं. पॅड क्रापाओमध्ये (तुळशीची पानं घालून परततात तो थाई पदार्थ) जी लागते ती आपल्या तुळशीच्याच जातीची, पण वृंदावनातली तुळस कढईत जाणार नाही हे आईने स्पष्ट सांगितलं, म्हणून गच्चीवर वेगळी कुंडी. आपली तुळस लवंगेसारखी उग्र लागते, त्यामुळे पानं निम्मीच घ्या आणि गॅस बंद करून मगच टाका. करीसाठी गोड बेसिल हवं असेल तर किराणा दुकानातला फालुद्याचा सब्जा पेरा, उगवतो, मला बडीशेपेसारख्या वासाची झाडं मिळाली.

अडलंय ते मॅकृत लाइमच्या, म्हणजे थाई करीत घालतात त्या सुवासिक लिंबाच्या पानांवर. कागदी लिंबाची कोवळी पानं वापरून बघतोय, वास येतो पण उकळीत जरा जास्त राहिली तर कडू होतात. रोप मागवायचं ठरलंय पण आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीये. जळगाव-धुळे भागात कोणी कुंडीत जगवलं असेल तर पाणी किती वेळा देता आणि दुपारची सावली कशी करता ते सांगा, पन्नास टक्के सावलीवाली ग्रीन नेट आणून ठेवलीय, पुरेल का?