मुद्देमाल: फासे, ४२ नग

वनरक्षक म्हणून माझं चौथं वर्ष. वाशीम जिल्ह्यात कारंजाच्या बाजूला माळाची बीट, म्हणजे माझ्या गस्तीची हद्द, होती. सोयाबीन निघालेलं, तूर डोक्याला लागलेली. पहाटेच्या गस्तीत बांधापलीकडून तित्तर ओरडायला लागला. पंधरा मिनिटं झाली तरी आवाज एकाच जागेवरून येत होता. रानातला तित्तर एवढा वेळ एका जागी थांबत नाही.

बांधाआड फडक्यानं झाकलेला पिंजरा, त्यात पाळीव नर. शेजारी म्हातारा आणि दहाएक वर्षांचा नातू. पुढं गवतात बांबूच्या काड्यांची रांग, प्रत्येक काडीला घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फास. आपल्या हद्दीत परका नर ओरडला की रानातला नर भांडायला येतो. उडायचा त्याला कंटाळा, मान खाली घालून धावतच येतो आणि मान फासात जाते. त्या दिवशी अजून काही सापडलं नव्हतं. पण १९७२च्या कायद्यात फास लावणं, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. पीओआर, म्हणजे गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडला.

ऑफिसच्या ओसरीत पंचनामा लिहायला बसलो. फासे मोजायचे होते. मी एक काडी ओढली आणि सगळ्यांचा गुंता झाला.

"असं ओढू नोका साहेब," म्हातारा म्हणाला. मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं जुडी मांडीवर घेतली. केसाला केस न लागता एकेक काडी बाजूला निघू लागली. मी आकडे लिहीत होतो, आरोपी मुद्देमाल मोजून देत होता! मधूनच तो सांगायचा, हा बापानं वळलेला, हा माझा, हा पोराचा. पोराचा फास तेवढा ढिला होता. म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं तो उसवून पुन्हा वळला. जप्त मालात अशी दुरुस्ती चालत नाही खरं तर. मी दुसरीकडं बघितलं.

हरणाचे फासे वेगळे, जनावराच्या तातीचे. ते मागंच सोडले म्हणाला. "हरनी गाभन असली का माहा बाप सोडून दे. तिले मारून पुढच्या सालाले काय खाचं?" प्रशिक्षणात हेच ऐकलं होतं. पश्चिम महाराष्ट्रात तिरमल नंदीवाले कुत्रे घेऊन डुकरामागं, वैदू मुंगूस-रानमांजरामागं, फासेपारधी हरीण-तित्तरामागं. एकाच रानात फिरूनही शिकार वाटलेली. तेव्हा ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

जातीच्या रकान्यात 'पारधी' लिहिल्यावर एका पंचानं आपणहून विचारलं, "आधीचे गुन्हे किती?" एकही नव्हता. इंग्रजांचा १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ सालीच रद्द झालाय, पण हा प्रश्न अजून कुणाला विचारावासा वाटतो ते मी बघतो.

मग म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तुमच्या घरी कोनी शिकार करे का?"

"नाही," मी म्हणालो.

आमच्या बैठकीत आजोबांचा फोटो आहे. हातात दुनळी बंदूक, पायाशी काळवीट. त्या वेळी परवाना मिळायचा. आजोबांचे वडीलही शिकारी, त्यांच्या शिकारीची शिंगं दारावर होती. मी नोकरीला लागल्यावर काकांनी ती उतरवली. फोटो राहिला. पाहुणे आले की अजून कौतुकानं गोष्ट सांगितली जाते, मीही सांगितली आहे.

पोरगा तोवर गप्प होता. पंच चहाला उठले तसा त्यानं ओठ आवळून तित्तराच्या मादीचा आवाज काढला. फडक्याखालून लगेच उत्तर आलं. म्हातारा हसला, मीही हसलो, आणि आत साहेबांची खुर्ची वाजल्यावर तिघंही गप्प झालो.

पक्षी सोडायची परवानगी कोर्टातून दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दोन पंच घेऊन माळावर गेलो, पिंजऱ्याचं दार उघडलं. तित्तर बाहेर आला, वीतभर चालला, पायानं माती उकरली. आम्ही मागं सरकलो. तो वळून पिंजऱ्यात जाऊन बसला. दोनदा हातानं बाहेर काढला, दोन्ही वेळा परत. अंधार पडायला लागला होता. 'पक्षी नैसर्गिक अधिवासात मुक्त केला' हे वाक्य मी ऑफिसातूनच लिहून आणलं होतं. पंचांनी सह्या केल्या.