तीन मीटरची उदारता

महापालिकेच्या नगररचना विभागात मी रचना सहायक आहे. बांधकाम परवानगीचे प्रस्ताव तपासायचे, जागेवर जाऊन यायचं, टिपणी लिहून फाईल वर पाठवायची. लोकांना वाटतं आम्ही शहर आखतो. आम्ही बहुतेक वेळा बेरजा तपासतो.

गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या मराठी शाळेच्या जागेवर तीन इमारती बांधायचा प्रस्ताव आला. कागद चोख होते. मिळकत पत्रिका संस्थेच्या नावे, जमीन पूर्वी खासगीत विकत घेतलेली, म्हणजे सरकारी जमिनीच्या शर्तभंगाची भानगड नाही. सार्वजनिक न्यासाची जागा विकायला कलम 36 खाली लागणारी धर्मादाय आयुक्तांची परवानगी जोडलेली. शाळा बंद केल्याचं शिक्षण खात्याचं पत्र, मोजणीची क प्रत, सगळं क्रमाने. इतका नीट लावलेला प्रस्ताव आमच्याकडे क्वचित येतो. आला की मी तो जास्त वेळ बघते.

त्याच आठवड्यात ‘मैदान वाचवा’ म्हणून वस्तीचं निवेदन आलं. मुख्य तक्रार अशी की हरकती न मागवता परवानगी कशी देता? बांधकाम परवानगीला हरकती मागवतच नाहीत, हे कुणाला पटत नाही. त्या मागवायच्या विकास आराखडा करताना, किंवा एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली त्यात फेरबदल करताना. शाळा उभी आहे म्हणजे जागा शाळेसाठी राखीव आहे, असं सगळे धरून चालतात. आराखड्यात हा प्लॉट पिवळा होता, म्हणजे निवासी. आराखड्यावर हरकती मागवल्या तेव्हा या गल्लीतून एकही अर्ज आला नव्हता. मी रजिस्टर काढून पाहिलं.

छाननीच्या सॉफ्टवेअरने प्रस्ताव पास केला होता. या सॉफ्टवेअरचं एक आहे, आर्किटेक्टने ज्या रेषेला रस्तारुंदी म्हटलं ती त्याला ब्रह्मवाक्य. रेष बरोबर जागी आहे का, हे ते बघत नाही. आमच्या साहेबांना मात्र रिपोर्टवर हिरवा शिक्का दिसला की फाईल मोकळी करायची घाई.

मिळकत पत्रिकेवर क्षेत्र 4,176 चौरस मीटर. समोरचा रस्ता आज 9 मीटर आहे, आराखड्यात 12. प्लॉटची रस्त्याकडची बाजू 80 मीटर. आर्किटेक्टने रुंदीकरणाचे तिन्ही मीटर आपल्याच प्लॉटमधून दिले होते. 240 वजा, उरले 3,936. बिल्डर स्वतःहून पालिकेला जास्त जमीन देतोय हे बघून मी चहा बाजूला ठेवला.

रस्त्यात जाणारी जमीन वजा करून प्लॉट 4,000 चौरस मीटर किंवा जास्त उरत असेल, तर नियमाप्रमाणे 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. 3,936 ला काहीच सोडावी लागत नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा रुंद केला तर या प्लॉटमधून दीडच मीटर जातो. 120 वजा, उरले 4,056, आणि 405 चौरस मीटर खुली जागा बोकांडी बसते. वर रस्त्याला दिलेल्या पट्टीचा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, त्याच प्लॉटवर वापरता येतो, म्हणजे उदारपणात खिशातून काही जात नाही.

पण हे सिद्ध कसं करायचं? 1:5000 च्या आराखड्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेष जागेवर अडीच मीटरची होते. दीड मीटरचं भांडण त्या कागदावर मिटत नाही. म्हणून स्थळपाहणीला गेले, सोबत सर्व्हेअर आणि टेप.

जागेवर तीस-चाळीस माणसं जमलेली. कौलारू इमारतीच्या व्हरांड्यात देणगीदारांची संगमरवरी पाटी अजून होती. 501 पासून सुरू होऊन खाली 11 रुपयांपर्यंत नावं, शेवटच्या दोन ओळींचा रंग उडालेला. एका गृहस्थांनी पाटीवर बोट ठेवलं. “मॅडम, हे माझे आजोबा. त्यांच्या 51 रुपयांची जागा कुठली, ती तुमच्या नकाशात दाखवा.”

मी म्हटलं, “काका, नकाशात तसं दाखवता येत नाही. तुमची मुलं याच शाळेत होती का?”

ते काही बोलले नाहीत. मागून कुणीतरी हसलं. विचारायला नको होतं असं मला वाटत नाही. पटसंख्या आपोआप घटत नाही, आणि संस्थाचालकांनीही ती वाढावी म्हणून काडी हलवली नव्हती.

आम्ही टेप लावली. हद्दीचा दगड गटाराच्या काँक्रीटमध्ये अर्धा गाडलेला सापडला. तिथून समोरच्या बंगल्याच्या कंपाउंडपर्यंत मापं घेतली. ‘मैदान वाचवा’चा फ्लेक्स याच कंपाउंडला बांधलेला होता. बंगला माजी नगरसेवकांचा, निवेदनावर पहिली सही त्यांचीच. “भाऊ सगळ्यांच्या पुढे असतात,” आमच्या शिपायाने कौतुकाने सांगितलं. सर्व्हेअरने वहीवरून मान वर केली. रस्ता दोन्हीकडून रुंद झाला तर हेच कंपाउंड दीड मीटर मागे जाणार होतं, फ्लेक्ससकट.

त्यांचं आणि बिल्डरचं काही ठरलं होतं का? पुरावा नाही, आणि मला तरी तसं वाटत नाही. एका रेषेत दोघांची सोय होती, एवढंच.

निकाल लागला तो रेकॉर्ड रूममध्ये. त्याच रस्त्यावरच्या दोन जुन्या मंजूर फाईली शोधून काढल्या, एक शाळेच्या बाजूची, एक समोरची. धुळीने शिंका काढत नकाशे उलगडले. दोन्ही मालकांकडून आमच्याच कार्यालयाने दीड-दीड मीटर घेतला होता. टिपणीत दोन्ही फाईलींचे क्रमांक टाकले. मग साहेबांनाही काही बोलता येईना. त्रुटीपत्र गेलं. आर्किटेक्टचा फोन आला, “मॅडम, पालिकेचा फायदाच होत होता की.” मी म्हटलं, तो फायदा लेखी मांडा.

सुधारित नकाशा आला. खुली जागा मागच्या बाजूला, दोन इमारतींच्या आड, 410 चौरस मीटर. नियमात बसते, परवानगी झाली. आता यातली गोम अशी की ही खुली जागा नियमाने तिथे राहणाऱ्यांची. फाटकावर वॉचमन असेल. शाळेच्या मैदानात संध्याकाळी खेळणारी गल्लीतली पोरं तिथे जाऊ शकणार नाहीत. मी मिळवलेली जागा खरी आहे, पण जे मागायला आले होते त्यांना ती मिळाली नाही. जे अजून राहायला यायचे आहेत, त्यांना मिळाली. आराखड्यात तिथे मैदानाचं आरक्षण असतं तर गोष्ट वेगळी होती. नवा आराखडा होईल तेव्हा पालिकेने अशा चालू शाळा आणि त्यांची मैदानं आधी रंगवून घ्यावीत, असं मी वरिष्ठांना लेखी कळवलं आहे. उत्तर यायचं आहे.

माजी नगरसेवकांचा अर्ज मात्र आला. आमच्या भागात रहदारी कमी असल्याने रस्ता 9 मीटरच ठेवावा, अशी विनंती आहे. मैदानाचा त्यात उल्लेख नाही. अर्ज टिपणीसाठी माझ्याकडेच आलाय. रस्त्याची रुंदी कमी करायची तर कलम 37 चा फेरबदल लागेल, आणि या वेळी हरकती रीतसर मागवल्या जातील, एवढं मी त्यावर लिहिलं आहे.