वेत आणि पोलाद : आमची वाटचाल

जुन्या खुर्च्या दुरुस्त करून विकण्याच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात सहा खुर्च्यांनी झाली आणि त्या सहाही आम्ही बिघडवल्या. वाकवलेल्या पोलादी नळीची चौकट, तिच्यावर स्क्रूने बसवलेली लाकडी किनार आणि त्या किनारीत विणलेला वेत, अशा त्या जुन्या खुर्च्या एका बंद पडलेल्या कार्यालयातून आमच्याकडे आल्या होत्या. उत्साहाच्या भरात आम्ही नळ्या घासून त्यांवर क्रोमचा नवा मुलामा चढवून घेतला, वयानुसार मधाच्या रंगाचा झालेला वेत कापून टाकला, बैठकीखालचे कागदी शिक्के खरवडून काढले आणि विकत मिळणारी तयार विणीची जाळी बसवली. खुर्च्या चकाकू लागल्या. परंतु पहिल्याच जाणत्या ग्राहकाने ‘नकला चांगल्या जमल्या आहेत’ असा अभिप्राय दिला.

त्या एका वाक्यानंतर आम्ही विक्री थांबवून अभ्यासाला बसलो. मागचे पाय नसलेल्या नळीच्या खुर्च्या मार्ट स्टाम आणि मीस व्हान डेर रोह या वास्तुविशारदांनी १९२७ च्या श्टुटगार्ट येथील प्रदर्शनात मांडल्या होत्या, आणि रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी १९२८ मध्ये अशाच चौकटीला लाकूड व वेत यांची जोड दिली. म्हणजे ज्या खुर्चीला आज सर्रास ‘विसाव्या शतकाच्या मध्याची’ म्हटले जाते, तिचा आराखडा प्रत्यक्षात बराच आधीचा आहे. तिचे ‘सेस्का’ हे नावही मूळचे नव्हे. ब्रॉयर यांच्या मुलीवरून ते १९६० च्या दशकात पडले, त्यामुळे हे नाव छापलेला शिक्का दाखवून कोणी खुर्ची दुसऱ्या महायुद्धापूर्वीची असल्याचे सांगू लागला, तर आम्ही तिथेच नमस्कार करतो. शतकाच्या मध्यातलेच काम पाहायचे असेल, तर डॅनिश रचनाकार पॉल केअरहोल्म यांची १९५६ ची ‘पीके २२’ ही सपाट पोलादाची, वेताने विणलेली बुटकी आरामखुर्ची पाहावी. आमच्या मते त्यांच्याइतका संयम या प्रकारात फार थोड्यांना साधला.

खरी शिकवण मात्र वेताने दिली. वेत ही चढणारी, काटेरी पाम. तिच्या सालीच्या पट्ट्यांनी बैठक विणतात. किनारीला ओळीने भोके असतील, तर वीण हाताची असते : दोन पदर उभे, दोन आडवे आणि दोन तिरपे गुंफले, की अष्टकोनी छिद्रांची ती ओळखीची नक्षी उमटते. भोकांऐवजी सलग खाच असेल, तर तीत तयार जाळी ठोकून वरून वेताचीच पट्टी दाबलेली असते. पट्ट्या ओल्या असताना विणतात आणि वाळताना त्या आवळतात. हे ठाऊक असूनही आम्ही एक बैठक विणतानाच इतकी ताणली, की आठवड्याभरात तिचे कोपऱ्यांतले पदर तुटले. दुसऱ्या एका खुर्चीच्या खाचेत आम्ही पक्का रासायनिक गोंद भरला आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी लाकूड फोडल्याशिवाय पट्टी निघेना. तेव्हापासून पाण्याने सुटणारा सरसच वापरतो.

सैल पडलेली प्रत्येक बैठक बदलावी लागत नाही, हे कळायला आम्हाला उशीर झाला. सालीची तुकतुकीत बाजू पाणी सहजी घेत नाही, म्हणून खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओले फडके ठेवावे आणि तिला सावकाश वाळू द्यावे. वेत तुटलेला नसेल, तर बैठक पुष्कळदा पुन्हा ताठ होते. अर्थात, अशा दुरुस्तीत कारागिराला मजुरी फारशी सुटत नाही, त्यामुळे ती सुचवण्यात दुकानदाराचे हित नाही हेही खरे.

पोलादाच्या बाबतीत आम्ही आज फार कमी हात लावतो. मुलाम्यावरचे बारीक डाग राहू देतो. परंतु नळीच्या वाकाशी किंवा स्क्रूच्या भोकाजवळ तडा दिसला, तर खुर्ची विकत नाही, कारण मागचे पाय नसल्याने बसणाऱ्याचा सगळा भार त्या वाकावरच झुलत असतो. विकलेल्या प्रत्येक खुर्चीबरोबर मूळ काय, बदललेले काय आणि बदल कोणी केला, याचा लेखी तपशील देतो.

पहिल्या सहांपैकी एक खुर्ची अजून कार्यशाळेत आहे आणि हिशेब लिहिताना मी तिच्यावरच बसतो. तिच्या नोंदीत ‘निर्माता’ या शब्दापुढे ‘अज्ञात, शिक्का आम्ही खरवडला’ असे लिहिलेले आहे.