बोयराच्या आकाशासाठी हलके नियम : नॅट विरुद्ध सेबर

भारताची नॅट आणि पाकिस्तानची सेबर या लढाऊ विमानांची लढत टेबलावर छोट्या प्रतिकृती आणि फासे घेऊन खेळायची, त्या खेळाचे माझे घरगुती नियम आता खेळण्याजोगे झाले आहेत. चार नॅट विरुद्ध तीन सेबर हा डाव तासाभरात निकाली निघतो. ज्या नियमावलीवरून सुरुवात केली तिच्यात प्रत्येक विमानाची पुढची हालचाल आधी कागदावर लिहायची, उंची आणि वेगाचे आकडे सांभाळायचे, चढताना किती वेग खर्ची पडला त्याचा हिशेब ठेवायचा. दोन-दोन विमानांना हे चालतं. सात विमानं टेबलावर आली की खेळाडूंची नजर विमानांवरून उडते आणि तक्त्यांना चिकटते. मला हिशेब कमी करायचा होता, पण वैमानिकापुढचा पेच तसाच राखायचा होता.

समोर ठेवलेली लढत २२ नोव्हेंबर १९७१ ची, पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बोयराची. युद्ध रीतसर सुरू व्हायला अजून दिवस होते. गरीबपूरच्या लढाईत आपल्या फौजेवर हल्ले करणाऱ्या पाकिस्तानी सेबर विमानांवर दमदमहून २२ स्क्वाड्रनची चार नॅट उडाली : मॅसी, सोआरेस, गणपती आणि लाझारस. काही मिनिटांत दोन सेबर पडली, तिसरं जखमी होऊन ढाक्याकडे परतलं. छत्रीने उतरलेले दोन वैमानिक पकडले गेले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाईदलाचे प्रमुख झाले. विमानं थोडी, वेळ थोडा, दोन्ही बाजूंची विमानं स्वभावाने अगदी वेगळी. छोट्या टेबलासाठी याहून चांगली लढत मला सापडलेली नाही.

सगळ्यात जास्त डोकं चाललं ते 'दिसणं' या नियमावर. १/३०० मापात नॅटच्या पंखांचा विस्तार जेमतेम २२ मिलिमीटर भरतो, सेबरचा ३८. दोन्ही शेजारी ठेवली की नॅटला हवेत हेरणं का अवघड जायचं ते समजावून सांगावं लागत नाही. म्हणून नॅट टेबलावर येतात त्या कोऱ्या चकत्या म्हणून. चार खऱ्या, दोन फसव्या. सेबरच्या खेळाडूने दर फेरीला प्रत्येक विमानासाठी एक फासा टाकायचा : सहा षटकोनांच्या (टेबलावर आखलेल्या सहा बाजूंच्या घरांच्या) आतली एक चकती निवडायची आणि ५ किंवा ६ पडले तर ती उलटायची. नॅटना मात्र सेबर पहिल्यापासून दिसतात, कारण जमिनीवरचे नियंत्रक बागची त्यांना रेडिओवरून नेमकं नेत होते. विमानाच्या पाठीमागचं काहीच हेरता येत नाही. अपवाद एकच. तीन षटकोनांच्या आत जोडीदार असेल आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात चकती येत असेल, तर त्याच्या फाशावर दोघांनाही दिसतं. एवढ्या एका ओळीमुळे खेळाडू आपोआप जोडीने उडू लागले. जोडी राखण्यासाठी वेगळा नियम लिहावाच लागला नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

हालचाल आधी लिहून ठेवणं पूर्ण बंद. ज्याच्या शेपटीमागे शत्रू आहे त्याने आधी हलायचं, पाठलाग करणाऱ्याने नंतर. जे विमान अजून कोणाला दिसलेलंच नाही ते सर्वांत शेवटी. माहिती ज्याच्याकडे जास्त, त्याला नंतर ठरवायची मुभा. कागदावरच्या गुप्त हालचालींतून जे साधायचं, ते यातून जवळजवळ सगळं साधतं.

उंचीचे तीनच थर : जमिनीलगत, मधला, वरचा. वेगही तीनच : ३, ५ किंवा ७ षटकोन. एक थर चढलात तर वेग एक पायरी उतरतो, एक थर सूर मारलात तर एक पायरी वाढतो. गेलेला वेग नॅटला एक फेरी सरळ उडाल्यावर परत मिळतो, सेबरला दोन फेऱ्या लागतात. उलट ३ च्या वेगात सेबर दर षटकोनाला एक कोन वळू शकतं, नॅटला दोन षटकोन जावे लागतात. बाकी वेगांत दोघं सारखीच. मुरलेले खेळाडू सेबर घेतात तेव्हा लढत मंद वेगाकडे खेचतात. नॅटवाले वेग सोडत नाहीत, वर निघून पुन्हा उतरतात. मला हवा होता तो पेच हाच.

गोळीबाराचा नियम एका वाक्यात बसतो : जितक्या तोफा तितके फासे. सेबरला सहा मशीनगन, म्हणून सहा फासे, ६ पडला तर मार, प्रत्येक माराचा एक गुण. नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, म्हणून दोनच फासे, ५ किंवा ६ वर मार, पण प्रत्येक माराचे तीन गुण. ठीक शेपटीमागून मारलं तर लागणारा आकडा एकाने उतरतो. सेबर चार गुणांना पडतं, नॅट तीनला. म्हणजे शेपटीमागून नॅटचा निदान एक गोळा बसण्याची शक्यता चारात तीन, आणि दोन्ही बसून सेबर पडण्याची चारात एक. एकच बसला तर सेबर जायबंदी, त्याला ७ चा वेग मिळत नाही. नॅटच्या दोन्ही फाशांवर १ पडले तर एक तोफ अडकते आणि पुढे एकच फासा उरतो. हा नियम मॅसींमुळे आला. त्यांची एक तोफ ऐन लढतीत बंद पडली होती. दारूगोळा प्रत्येकाला तीन फैरींपुरताच.

टेबलाची पूर्वेकडची कड म्हणजे सीमा. तिथून बाहेर पडलेलं सेबर वाचलं, नॅटने मागे जायचं नाही. सेबरच्या खेळाडूला यामुळे खरा प्रश्न पडतो : जमिनीवर आणखी एक हल्ला करून गुण मिळवायचे, की आत्ताच घर गाठायचं?

रंगकामात चारही नॅट पूर्ण झाली. एवढ्या लहान पंखावर आपल्या हवाईदलाचं वर्तुळ काढायचं तर आधी केशरी गोल, तो पूर्ण वाळल्यावर त्यात पांढरा, मग मधोमध दातकोरणीच्या टोकाने हिरवा ठिपका. घाई केली की केशरी पांढऱ्यात उतरतो. सेबरवर हिरवा गोल आणि आत पांढरा, ते काम बरंच सोपं. तीन सेबर झाली आहेत, आणखी तीन प्रायमर (रंगाआधीचा थर) मारून ठेवली आहेत.

ती तीन लागणार आहेत श्रीनगरसाठी. १४ डिसेंबर १९७१ ला धावपट्टीवर हल्ला सुरू असतानाच १८ स्क्वाड्रनचे निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन उडाले आणि सहा सेबरांशी भिडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, हवाईदलाला मिळालेलं ते एकमेव. हा डाव एकट्याने खेळता यावा असं मनात आहे. सेबर तक्त्यावरून चालतील : शेपटीमागे नॅट असेल तर फाशाने डावं किंवा उजवं वळण, नॅट समोर असेल तर थेट त्याच्याकडे, दिसत नसेल तर धावपट्टीकडे. नॅट जमिनीवरून १ च्या वेगाने सुरुवात करेल आणि पहिल्या दोन फेऱ्या त्याला वळता येणार नाही. त्या दोन फेऱ्यांत सेबरना गोळीबाराची किती मुभा द्यायची एवढंच ठरायचं आहे. सध्या एकाच सेबरला, आणि तेही फाशावर ६ पडला तरच, असं धरून खेळतो आहे. कोणी हा डाव मांडून बघितला तर नॅट किती फेऱ्या टिकलं ते जरूर कळवा.